चादरी वाचणारी

१२ जानेवारी

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसल्यावर तू हे न फोडताच बाजूला ठेवशील, हे मला माहीत आहे. तरी लिहितोय. फोन तू उचलत नाहीस, आणि भाचीला मध्ये घालायचं माझ्या जिवावर येतं. तू तिच्या घरी राहतेस, तिला उगाच दोन डगरींवर पाय ठेवायला कशाला लावायचं?

इकडे ठीक. हिचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड शाबूत आहे. लाँड्री आहे तशीच. तू हॉस्पिटल सोडून गेल्याला चौदा महिने झाले, तरी वरच्या मजल्यावरच्या नर्सा अजून मला 'सिस्टरांचा भाऊ' म्हणतात. मुकादम असून माझी ओळख तेवढीच.

एक नवीन सांगतो. चौकशीवाल्यांनी त्या अपघाताच्या अहवालात शेवटी एक ओळ टाकली होती, की डोंगरापलीकडून आलेल्या कामगारांना आपली भाषा लिहा-वाचायला शिकवावी. वर्षभर ती ओळ फायलीत झोपली होती. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनला, पहिली पाळी सुटली की कँटीनमध्ये वर्ग भरतो. अकरा बाया, चार पुरुष. शिकवायला पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई येतात, त्यांना सगळे पोस्टबाईच म्हणतात. मला हजेरी घ्यायला बसवलंय.

पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात खुर्ची टाकून मस्टर उघडलं. पोस्टबाईंनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, "मुकादम, इथे नुसती हजेरी घ्यायला कुणी बसत नाही. जो येईल त्याने काहीतरी शिकायचं आणि काहीतरी शिकवायचं. त्यांची लिपी येते तुम्हाला?"

"नाही."

"मग बसा बाकावर."

बसलो. माझ्या शेजारी बॉयलरवाला होता, तो फुकटचा चहा मिळतो म्हणून आलेला. त्याला माझ्यामुळे फार बरं वाटलं.

जे घडलं त्याबद्दल या पत्रात लिहीत नाही. तू जाताना एकच विचारलंस, "तिला वाचता येत होतं का?" आणि मी म्हणालो, कागदावर तिची निशाणी आहे. कागदोपत्री माझी काही चूक निघाली नाही, एवढं तुलाही माहीत आहे.

तुझा,
भाऊ


१७ फेब्रुवारी

ताई,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

या वयात अक्षर गिरवणं म्हणजे काय असतं, ते तुला सांगायचंय, कारण मला पाटीवर हात धरून गिरवायला तूच लावलंस. त्यांची अक्षरं वेलीसारखी आहेत. कुठे सुरू होतात ते कळतं, पण थांबायचं कुठे ते कळत नाही. महिनाभरात मला तीन आली. त्यांच्यातल्या एका म्हातारीने माझं तिसरं अक्षर पाहिलं आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली, तशी सगळी ओळ हसली. मी विचारलं, काय म्हणाली. कुणी सांगेना. शेवटी एकीने धीर करून सांगितलं, "म्हणते, कोंबडी पाय."

तेवीस वर्षं मी त्या लाँड्रीत आहे. माझ्यासमोर ही माणसं कधी हसली नव्हती. की मी तिथून गेल्यावर हसत असतील? कँटीनची टेबलं आपल्या लोकांची, आणि ती बॉयलरच्या मागे डबे उघडून बसायची. असा नियम कुणी केला नव्हता. त्यामुळे तो मोडायचा कुणी, हेही कुणाला माहीत नव्हतं.

वर्गात तीही येते. अबोली. हे नाव तिला लाँड्रीने ठेवलं, कारण चार वर्षांत तिच्या तोंडून कुणी चार शब्द ऐकले नाहीत. अपघातानंतर तिला चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवरून काढून मळके कपडे निवडायच्या टेबलावर दिलं. रोलरने उजव्या हाताची तीन बोटं नेली, म्हणून ती डाव्या हाताने लिहिते. पहिल्या बाकावर बसते, माझ्याकडे पाठ करून.

पोस्टबाईंनी पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला विचारलं, की तुला सगळ्यांत आधी कुठला शब्द हवाय? कुणी सुट्टी मागितली. कुणी 'दुखतंय'. त्या म्हातारीने 'हळू बोला' मागितलं. अबोली उठली आणि तिने फळ्यावर एक बारीक रेघ काढली, मग ती रेघ एका काठीभोवती गुंडाळून दाखवली.

"दोरी?" बाई म्हणाल्या.

तिने मान हलवली. खिडकीच्या जाळीवर नख वाजवलं.

"तार," बाई म्हणाल्या, आणि फळ्यावर लिहून दिलं.

तिने तो शब्द त्या दिवशी वहीच्या दोन पानांवर भरून लिहिला. त्या आधी काना कुठे द्यायचा हेही तिला माहीत नव्हतं.

असो. हिने तुला विचारलंय म्हणून सांगितलं आहे.

भाऊ


२८ मार्च

ताई,

आज जे पाहिलं ते तुलाच सांगायला हवं. बाकी कुणाला त्यातलं इतकं कळणार नाही. तू एकतीस वर्षं वॉर्ड सांभाळलेस.

पोस्टबाईंनी मागच्या वेळी सांगून ठेवलं होतं, की आपल्या कामातलं असं काहीतरी सांगा जे दुसऱ्यांना येत नाही. बॉयलरवाल्याने वाफेच्या आवाजावरून दाब ओळखून दाखवला. कँटीनवालीने डोळे मिटून सुरी चालवली आणि आमचा श्वास अडकवला. मग अबोलीची पाळी आली. ती म्हणाली, "इथे नाही. खाली."

आम्ही सगळे खाली तिच्या टेबलापाशी गेलो. हातमोजे चढवले. सकाळी वरून आलेल्या पिशव्या होत्या, प्रत्येकीला वॉर्डाची आणि खाटेची चिठ्ठी. चिठ्ठ्या तिने उलट्या करून ठेवल्या. एक चादर काढून पसरली. झटकली नाही, जशी होती तशी अलगद उलगडली, जणू झोपलेलं मूल आत आहे.

"हा माणूस उजवीकडे झोपतो," ती म्हणाली. "भीती आहे. इथे धरतो." चादरीच्या काठावर मुठीने पिळलेली जागा होती. एकाच ठिकाणी, पुन्हा पुन्हा. मी जन्मभर अशा चादरी पाहिल्या, मला ती चुरगळलेली चादर दिसली असती, बस.

दुसरी काढली. "ही मुलगी. आई बाजूला." दोन खळगे होते, एक मोठा, एक लहान, आणि मोठा अगदी कडेला, पडेल असा.

तिसरी. तिच्यावर ती जरा थांबली. तळव्याने काठ चाचपला. मग मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. "हा बरा. काल झोपला होता. आज इथे बसला, पाय खाली. उद्या चालणार."

बॉयलरवाला म्हणजे संशयी प्राणी. त्याने तिसरी चिठ्ठी उलटी करून नंबर वाचला आणि तडक वर गेला. आम्ही तिथेच थांबलो. दहा मिनिटांनी आला तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच उभा राहिला.

"काठावर बसलाय," तो म्हणाला. "पाय खाली सोडून. नर्स म्हणाली, उद्या चालवणार आहेत."

पोस्टबाईंनी चष्मा काढून पुसला.

ताई, चार वर्षं ही बाई माझ्या हाताखाली होती. या टेबलावर आल्यापासून वरच्या चारशे खाटांवर कोण घाबरलंय, कोण सुधारतंय, कुणाची रात्र वाईट गेली, हे तिला रोज सकाळी कळत होतं. आणि मी तिला काय म्हणायचो? "ए, चल, हात उचल." अडाणी म्हणायचो, तिच्यादेखत, कारण तिला कुठे समजतंय.

मला आज जेवण गेलं नाही. आजारी नाही. देवळात गेल्यावर होतं तसं काहीतरी झालंय.

भाऊ


१४ मे

ताई,

मागचं पत्र तू वाचलंस की नाही माहीत नाही, पण हे वाच.

सात नंबरच्या वॉर्डात महिन्यापूर्वी नव्या गाद्या आल्या. सोमवारी अबोली एक कागद घेऊन माझ्यापाशी आली. डाव्या हाताचं वाकडं अक्षर, पण स्वच्छ. मी जसंच्या तसं उतरवतो:

'सात नंबर. नवी गादी. टाच जागा लाल. कंबर जागा लाल. सहा चादर. आधी नाही. बघा.'

तिने कुणाला लिहिलेली ही पहिली चिठ्ठी.

मी म्हणालो, "वर पाठवतो." खरं सांगू का, मनात आलं, लाँड्रीवाल्यांनी वॉर्डाला शिकवायचं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. मी चिठ्ठी खिशात ठेवली. ती समोरून हलली नाही.

"आज," ती म्हणाली.

"दुपारी."

"आता. मी जाते."

लाँड्रीच्या बाया वर जात नाहीत. मागच्या लिफ्टने पिशव्या येतात, मागच्या लिफ्टने जातात. अबोली समोरच्या जिन्याने गेली. मी मागोमाग. काय करणार, मुकादम आहे. तिसऱ्या मजल्यावर सिस्टरांनी मला विचारलं, "काय हवंय?" मी अबोलीकडे बोट केलं. तिने चिठ्ठी पुढे केली. सिस्टर तरुण आहेत, तू गेल्यावर आलेल्या. त्यांनी एकदा वाचली. मग दुसऱ्यांदा. आणि उठून पहिल्या खाटेवरच्या आजोबांच्या पायावरचं पांघरूण बाजूला केलं.

चार जणांच्या टाचांना जखमा सुरू झाल्या होत्या. आणखी दोघांच्या कमरेला. पाठीवर पडून असलेली म्हातारी माणसं, कण्हण्याची सवय झालेली. त्या गाद्या मधोमध खचत होत्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर स्वतः खाली आले. वाफेत उभं राहून त्यांनी तिला नाव विचारलं. मी "अबोली" सांगणार होतो, तेवढ्यात तिने आपलं खरं नाव सांगितलं. त्यांनी उच्चारलं. तिने मान हलवली, पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, तिने पुन्हा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा जमलं. ते नाव मी इथे लिहिलं असतं, पण आपल्या अक्षरांत ते बसत नाही. मधला एक आवाज आपल्याकडे नाहीच. तिच्या लिपीत मला लिहिता येतं आता. कोंबडीच्या पायांनी का होईना.

त्या दिवशी दुपारी तिने डबा घेऊन कँटीनच्या मधल्या टेबलावर बसायचं ठरवलं. म्हातारी तिच्या शेजारी. कँटीनवालीने दोघींपुढे पाण्याचे पेले ठेवले आणि कुणाकडे बघितलं नाही.

भाऊ


९ जून

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. 'त्या चौघांच्या टाचा भरल्या का?' खाली 'ताई' लिहिलंयस. मी कार्ड हिला दाखवलं, तर तिने ते देवापुढे ठेवलं. तिघांच्या भरल्या. चौथ्या आजोबांच्या भरत आल्यात, सिस्टर रोज कूस बदलवतात.

आता जे लिहायचं ते लिहितो. तू हे वाचून पुन्हा बोलणं सोडलंस तरी मी समजेन.

शुक्रवारी वर्ग संपल्यावर अबोलीने पोस्टबाईंकडे कागद मागितला. कुठला ते बाईंना कळेना. मला कळलं. कामावर घेताना आम्ही प्रत्येकाची निशाणी घेतो तो कागद. ती मला म्हणाली, "माझा कागद आणा." मी कार्यालयातून आणला.

तिने तो टेबलावर ठेवला आणि बोट ठेवून वाचायला लागली. मोठ्याने. एकेक अक्षर जोडत. सूचना या शब्दावर दोनदा परत आली. कँटीनवाली भांडी घासायची थांबली.

"यंत्राबद्दलच्या... सर्व सूचना... मला... वाचून दाखवल्या. त्या... मला... समजल्या."

खाली तिच्या हाताची फुली. त्या हाताला तेव्हा पाच बोटं होती.

"कुणी वाचल्या?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "कुणीच नाही."

"का?"

"वेळ नव्हता."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मला चार मिनिट लागले," ती म्हणाली. "तुम्हाला एक."

आवाज चढवला नाही. रागानेही बोलली नाही. हिशोब चुकलेल्या मुलाला दाखवावं तसं दाखवलं.

ताई, इथे थांबलो असतो तरी तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं. पण त्याखाली आणखी एक होतं, जे तुलाही माहीत नाही. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात फार पुढे गेला की दांडी दबते आणि मशीन थांबतं. त्या वेळी ती दांडी नऊ दिवस बिघडलेली होती. कारण नसताना मशीन बंद पडायचं, चादरींचा डोंगर साठायचा. मी ती तारेने बांधून ठेवली. शेजारी चिठ्ठी चिकटवली, 'दांडी बांधली आहे, हात लांब ठेवा.' कुणासाठी चिकटवली? रोलरवर तेव्हा जितक्या बाया होत्या, त्यांतल्या एकीलाही वाचता येत नव्हतं. तिला स्ट्रेचरवरून वर नेलं, आणि मी तार सोडली आणि चिठ्ठी फाडली. चौकशीवाले आले तेव्हा दांडी मोकळी होती.

हे मी तिला सांगितलं. त्या टेबलावर, सगळ्यांसमोर. सांगितलं म्हणण्यापेक्षा बाहेर पडलं.

ती म्हणाली, "माहीत आहे. तार मी बघितली होती. सांगायला शब्द नव्हता."

तेव्हा मला तो दिवस आठवला. चौकशीत ते तिला विचारत होते, काय झालं. हात बांधलेला, आणि ती डाव्या हाताने हवेत गुंडाळून दाखवत होती, गोल गोल. साहेबांना वाटलं ती पट्टीबद्दल सांगतेय. ते म्हणाले, "हो हो, पट्टी चांगली बांधली आहे." मी मागे उभा होतो. मला कळलं होतं ती काय सांगतेय. खोलीत त्या क्षणी तिची भाषा समजणारा मी एकटा होतो, ताई. आणि मी गप्प बसलो.

ती वर्गात आली ती त्या एका शब्दासाठी. रेघ काढून तो मागून घेतला, वहीत भरून ठेवला, आणि पाच महिने थांबली, बाकीची वाक्यं यायला.

मी विचारलं, "मी आता काय करू?"

ती म्हणाली, "मला विचारू नका. तुम्हाला लिहिता येतं."

भाऊ


२० ऑगस्ट

ताई,

तुझं मोठं पत्र तीन वेळा वाचलं. तू शिव्या घालशील असं वाटलं होतं, आणि घातल्यासच, पण शेवटी हिच्या गुडघ्यांना लावायचं तेल लिहून पाठवलंस. हिने आणवलं. फरक आहे म्हणते.

मी सगळं लिहून दिलं. तार, चिठ्ठी, कागद, आणि ती हाताने काय सांगत होती तेही. प्रकरण पुन्हा उघडलंय. या वेळी तिची साक्ष तिने स्वतः दिली, दोन तास. एक दुभाषी बोलावला होता, त्याला तिने तीन ठिकाणी थांबवलं आणि म्हणाली, "असं नाही म्हटलं मी." निकाल यायचाय. काहीही आला तरी तिचं म्हणणं आता तिच्या शब्दांत कागदावर आहे.

माझं मुकादमपद गेलं. नोकरीही जाईल असं धरून चाललो होतो, ती राहिली. आता घडी घालायच्या टेबलावर असतो, त्या म्हातारीच्या समोर. दोघांनी चार कोपरे धरायचे, पुढे यायचं, मागे जायचं. पहिल्या दिवशी मी उलटी घडी घातली. ती म्हणाली, "मुकादम होता ना तुम्ही?" आजवर कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. नुसतं वरून बघत होतो, घडी कधी घातलीच नव्हती.

आपल्यातले काही जण माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, घरभेदी. बॉयलरवाला बोलतो. तो म्हणतो, "मीही पाहिली होती ती तार." एवढंच म्हणून वाफेत निघून गेला. दुसऱ्या दिवशी तोही लिहून देऊन आला.

वर्गात आता चोवीस जण आहेत. नऊ आपले. सात नंबरच्या सिस्टर पण येतात. अबोली त्यांना चादर कशी बघायची ते शिकवते, आठवड्यातून एकदा, आणि त्या खरंच वही काढून लिहून घेतात. परवा मी मागे उभा राहून बघत होतो. एकीने चादर धरली, दुसरीने तळवा फिरवला, आणि दोन भाषांतले शब्द एकमेकींत असे मिसळले की कुठला कुणाचा ते मला ओळखू येईना. आपण इतकी वर्षं कुठे होतो असं वाटलं. या माणसांच्या शेजारी राहून, कुठे होतो?

हे पत्र मी कँटीनमध्ये बसून लिहितोय. अबोली पलीकडे बसली आहे. कुणाला लिहिताय विचारलं. मी सांगितलं, माझ्या बहिणीला, ती आधी इथे सिस्टर होती. तिने वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "थोडी जागा ठेवा. मला लिहायचं."

तिने लिहिलेलं आत्ता वाचलं. मला माहीत नव्हतं, ताई, की त्या दिवशी वर नेल्यावर तूच तिच्यापाशी होतीस. तू कधी बोलली नाहीस. मी विचारलंही नव्हतं.

खालचं तिचं. मी एकाही अक्षराला हात लावलेला नाही.

*सिस्टर, त्या दिवशी तुम्ही माझा दुसरा हात धरला. खूप वेळ बोलत होता. मला एक पण शब्द कळला नाही. आवाज कळला. आता मला शब्द येतात. तुम्ही काय बोलत होता ते मला सांगा.*